गॅस स्ट्रट: पिकअपचं झाकण कशावर उभं राहतं, का पडायला लागतं आणि दांडा बदलायचा कसा

गॅस स्ट्रट म्हणजे झाकण उघडं धरून ठेवणारी, आत दाबलेला वायू असलेली नळी आणि तिचा दांडा. पिकअपमध्ये तो किती ठिकाणी असतो याची आपण सहसा गणतीच करत नाही. बॉनेटखाली एक-दोन असतात. हौद्यावर फायबरचं कडक झाकण असेल तर त्याला दोन, कॅनॉपी (हौद्यावरचं काचा असलेलं बंद छप्पर) असेल तर मागच्या काचेला दोन आणि बाजूच्या खिडक्यांना आणखी. हौद्यात हत्यारपेटी बसवली असेल तर तिच्या झाकणालाही. काही गाड्यांत मागचा फाळका धाडकन आदळू नये, सावकाश खाली यावा म्हणून वेगळा डॅम्पर असतो.

हे सगळं चालू असतं तोवर कुणाचं लक्ष जात नाही. मग एखाद्या थंड सकाळी झाकण अर्ध्यातून हळूच खाली यायला लागतं. अशा वेळी लोक दोनपैकी एक मार्ग धरतात. काहीजण काठीचा टेकू लावून महिनोन्‌महिने काढतात, काहीजण ‘आता जरा जास्त ताकदीचाच बसवू’ म्हणून दांडगा स्ट्रट आणतात. काठी निसटली की डोक्यावर काय येतं हे वेगळं सांगायला नको. पण दुसऱ्या मार्गात जे नुकसान होतं ते जास्त फसवं, कारण ते सुरुवातीला सुधारणा वाटतं. स्ट्रट हा झाकणाच्या वजनाचा तोल सांभाळणारा भाग आहे. त्याला ताकद जास्त असून चालत नाही, नेमकी असावी लागते. ही नेमकी म्हणजे किती, ते कळायला आधी तो आतून पाहायला हवा.

नळीच्या आत

बाहेरून दिसते ती काळी नळी आणि तिच्यातून आत-बाहेर होणारा गुळगुळीत दांडा. नळीत नायट्रोजन दाबून भरलेला असतो, सोबत थोडंसं तेल. दाब किती? साधारण 100 बार, काही स्ट्रटमध्ये त्याहूनही जास्त. चाकातल्या हवेच्या तीस-चाळीस पट. नायट्रोजनच का, तर तो निष्क्रिय आहे. साधी हवा एवढ्या दाबाखाली तेलाच्या संगतीत ठेवणं धोक्याचं, कारण हवेत ऑक्सिजन असतो. शिवाय नायट्रोजनमुळे आतून गंज धरत नाही.

दांड्याच्या आतल्या टोकाला पिस्टन असतो, पण पंपासारखा घट्ट बंद नाही. त्याला बारीक छिद्र किंवा खाच ठेवलेली असते, त्यामुळे वायू पिस्टनच्या दोन्ही बाजूंना असतो आणि दोन्हीकडे दाबही सारखाच. मग दांडा बाहेर का ढकलला जातो? कारण पिस्टनच्या एका बाजूला वायूला पूर्ण गोल मोकळा मिळतो, तर दुसऱ्या बाजूला त्या गोलातली मधली जागा दांड्याने अडवलेली असते. दोन्हीकडच्या जोरांत जो फरक उरतो, तो नेमका दांड्याच्या जाडीएवढ्या क्षेत्रफळाचा.

म्हणजे हिशेब सोपा आहे. स्ट्रटचा जोर म्हणजे आतला दाब गुणिले दांड्याच्या छेदाचं क्षेत्रफळ. 8 मिमी व्यासाच्या दांड्याचा छेद साधारण 50 चौरस मिमी. 100 बार म्हणजे दर चौरस मिमीला 10 न्यूटन. गुणाकार केला की 500 न्यूटन, म्हणजे सुमारे 51 किलो वजन पेलण्याइतका जोर. तोच दाब 10 मिमीच्या दांड्यावर 785 न्यूटन देतो. नळी जाड दिसली म्हणून स्ट्रट ताकदवान, असं म्हणूनच ठरवता येत नाही. नळीवर छापलेला आकडा बघायचा. ‘400 एन’ लिहिलं असेल तर तो स्ट्रट 400 न्यूटनचा.

हा छापील आकडा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर असतानाचा असतो. दांडा आत जातो तसा तो वायूची जागा व्यापतो, वायू आणखी दाबला जातो आणि जोर वाढतो. ही वाढ सहसा 20 ते 40 टक्क्यांच्या दरम्यान असते. लोखंडी स्प्रिंग तेवढीच लांब दाबली तर तिचा जोर कितीतरी पटींनी बदलतो. झाकणाला उघडताना शेवटपर्यंत साधारण सारखा आधार हवा असतो, म्हणून इथे स्प्रिंगऐवजी वायू.

तेलाला दोन कामं. एक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेलं रबरी सील ओलं ठेवणं. दुसरं, झाकण पूर्ण उघडत आलं की धक्का जिरवणं. पिस्टन आधी वायूतून सरसर जातो आणि शेवटच्या टप्प्यात तेलात शिरतो. तेल त्या बारीक छिद्रातून सावकाश पलीकडे जातं, म्हणून झाकण शेवटी मंद होऊन थांबतं. ही दोन्ही कामं व्हायला तेल नळीच्या तोंडाशी असावं लागतं, म्हणजेच दांडा खालच्या बाजूला आणि नळी वर. झाकण दिवसातला बहुतेक वेळ बंद असतं, तेव्हा त्या आडव्या अवस्थेतही दांड्याचं टोक निदान थोडं खाली झुकलेलं असलं तर सील जास्त टिकतं. उलटा बसवलेला स्ट्रट लगेच बिघडत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. तो फक्त लवकर संपतो.

थंडीचं गणितही इथेच आहे. वायूचा दाब तापमानासोबत बदलतो, दर 10 अंश सेल्सियसला साधारण साडेतीन टक्के. 20 अंशांना 400 न्यूटन देणारा स्ट्रट उणे 10 अंशांना जेमतेम 360 देतो आणि उन्हात 50 अंशांपर्यंत तापला की 440. म्हणून दुपारी ताठ उभं राहणारं झाकण पहाटे खाली येऊ शकतं. त्यावरून स्ट्रट अचानक बिघडला असं समजू नका. तो आधीच काठावर आलेला होता, थंडीने फक्त उघडं पाडलं.

दमतो कशामुळे

स्ट्रटचं सगळं आयुष्य नळीच्या तोंडाशी असलेल्या त्या एका सीलवर अवलंबून आहे. काहीच चूक न होतादेखील वायू वर्षानुवर्षे त्यातून अगदी थोडा थोडा झिरपत राहतो. ते टाळता येत नाही. बाकीची बहुतेक कारणं मात्र टाळण्यासारखी असतात, आणि पिकअपमध्ये ती साध्या मोटारीपेक्षा जास्त भेटतात.

हौद्यात माल चढवताना-उतरवताना दांड्यावर सळई किंवा पत्र्याची कड घासते. ओरखडा नखाला लागण्याइतका असला तरी पुरतो, कारण प्रत्येक उघडझापीत तो सीलच्या ओठावरून कानशीसारखा फिरतो. हौद्याला आतून कोटिंग किंवा रंग मारताना दांडा न झाकल्यामुळे उडालेले थेंब तेच करतात. खाऱ्या हवेत दांड्यावरच्या क्रोमला बारीक गंजाचे खड्डे पडतात. धूळ दांड्यावर बसते आणि सीलपाशी साचते.

इथे एक गैरसमज भलताच घट्ट रुजलेला आहे: दांड्याला ग्रीस किंवा तेल लावावं. लावू नये. सीलला लागणारं तेल आत आहे. बाहेरून लावलेल्या चिकट थरावर धूळ धरते आणि तोच थर पॉलिश पेपरसारखा काम करतो. दांडा स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसला की देखभाल झाली. ग्रीसची जागा फक्त टोकाच्या बॉल जॉइंटमध्ये, तीही चिमूटभर. गाडी धुताना प्रेशर वॉशरचा झोत थेट नळीच्या तोंडावर मारू नका, एवढं पाळलं तरी बरंच.

आणखी एक कारण म्हणजे तिरका भार. स्ट्रटला फक्त आपल्या लांबीच्या रेषेत जोर झेलता येतो. ब्रॅकेट वाकलं असेल, झाकण पिळवटलेलं असेल किंवा बॉल जॉइंट गंजून आखडला असेल, तर दांडा बाजूला रेटला जातो आणि सील एकाच अंगाने झिजतं. नवा बसवलेला स्ट्रट लवकर गेला तर दुकानदाराला बोल लावण्याआधी ब्रॅकेट बघा. आणि वाऱ्यात उघडं सोडलेलं मोठं झाकण ही वेगळीच डोकेदुखी. वेगळा स्टॉपर नसेल तर झाकणाला अडवणारा शेवटचा बांध स्ट्रटच असतो आणि प्रत्येक झुळकेचा हिसका त्याच्या टोकांना बसतो.

खरंच स्ट्रट गेलाय का?

दांड्यावर किंवा नळीच्या तोंडाशी तेलाचा ओघळ दिसला तर विचार करायला नको, सील गेलं आहे. दांडा वाकलेला किंवा नळीला पोचा असेल तरीही तेच. पण झाकण नुसतं खाली येत असेल तर आधी बिजागऱ्या तपासा. कुणाला तरी झाकण धरायला लावून दोन्ही स्ट्रट एका टोकाने सोडवायचे आणि झाकण हाताने वर-खाली करून बघायचं. ते अडखळत असेल तर दोष बिजागरीत आहे आणि नवे स्ट्रटही त्यापुढे लवकरच हात टेकतील.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: झाकणाचं वजन मध्यंतरी वाढलंय का? वर कॅरियर बसवलं, आतून अस्तर लावलं, सायकलीचा स्टँड ठोकला, तर स्ट्रट धडधाकट असूनही झाकण पडणार. तिथे जुन्याच मापाचे नवे स्ट्रट आणून उपयोग नाही.

काढलेल्या स्ट्रटचा जोर घरच्या वजनकाट्यावर अंदाजाने मोजता येतो. काट्यावर लाकडाचा सपाट तुकडा ठेवायचा, स्ट्रट दांडा खाली करून अगदी सरळ उभा धरायचा, चेहरा बाजूला ठेवायचा आणि वरून सावकाश दाबायचं. दांडा आत सरकायला लागतो त्या क्षणीचे किलो गुणिले 9.8 म्हणजे न्यूटन. सीलच्या घर्षणामुळे दाबताना आकडा थोडा जास्त आणि सोडताना थोडा कमी दिसतो, दोन्हींची सरासरी खऱ्याच्या जवळ जाते. 400 न्यूटनच्या स्ट्रटने 41 किलोच्या आसपास दाखवायला हवं. 25 दाखवत असेल तर त्याचं काम संपलं. बॉनेटच्या आणि काचेच्या हलक्या स्ट्रटना ही युक्ती चांगली लागू पडते. जड झाकणाच्या जोरदार स्ट्रटना अंगाचं वजन टाकून दाबण्याच्या फंदात पडू नका, निसटला तर इजा होते.

नवा कोणता घ्यायचा

जुन्या नळीवरचा पार्ट नंबर वाचता येत असेल तर निम्मं काम झालं. तो पुसला गेला असेल तर मोजायला लागतं. पहिलं माप पूर्ण उघडी लांबी: एका टोकाच्या बॉलच्या मध्यापासून दुसऱ्या बॉलच्या मध्यापर्यंत. टोकाच्या कडेपासून मोजलं तर चुकेल. दुसरं, दांडा किती आत जातो ते, म्हणजे स्ट्रोक. तिसरं, टोकांचा प्रकार: बॉलचा सॉकेट आहे की आरपार बोल्टचं छिद्र, आणि बॉल किती मिमीचा. 10 मिमीचा बॉल पुष्कळ ठिकाणी आढळतो, पण 8 आणि 13 चेही असतात.

लांबीत फसगत होते ती अशी. उघडी लांबी जुळते, पण नव्याचा स्ट्रोक कमी असतो. झाकण बंद करताना दांडा पूर्ण आत जाऊन तळाला टेकतो आणि झाकण बंद व्हायला अजून बोटभर बाकी असतं. मग माणूस जोर लावतो आणि ब्रॅकेट फायबरमधून उपटून निघतं. म्हणून झाकण बंद असताना दोन बॉलमधलं अंतर मोजा आणि नव्या स्ट्रटची दाबलेली लांबी त्याहून थोडी कमी आहे याची खात्री करा.

आता जोर. जुनाच आकडा माहीत असेल आणि झाकणात बदल नसेल तर तोच घ्यावा, इथे हौस करायची नाही. बदल झाला असेल तर शाळेतलं तरफेचं गणित पुरतं. समजा हौद्याचं झाकण 20 किलोचं आहे, म्हणजे 196 न्यूटन. त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून 60 सेंमीवर आहे. झाकण 40 अंश उघडल्यावर हे आडवं अंतर सुमारे 46 सेंमी राहतं. 196 गुणिले 0.46, म्हणजे झाकण 90 न्यूटन-मीटरने खाली ओढतं आहे. या स्थितीत बिजागरीपासून स्ट्रटच्या रेषेवर टाकलेला लंब समजा 20 सेंमीचा आहे आणि स्ट्रट दोन आहेत. 90 भागिले 0.4, म्हणजे प्रत्येकी 225 न्यूटन. थंडी आणि झीज यांसाठी दहा-पंधरा टक्के वर धरले की 250 ते 260. एवढंच.

या गणितात सर्वांत नाजूक आकडा कोणता ते बघा: तो 20 सेंमीचा लंब. वजनात एका किलोची चूक झाली तर उत्तर पाच टक्क्यांनी हलतं. लंबात 5 सेंमीची चूक झाली तर भलतंच काही हाती येतं. झाकण बंद असताना हा लंब आणखी लहान होतो, कारण स्ट्रट जवळजवळ बिजागरीच्या रेषेत येऊन पडतो. म्हणूनच बंद झाकण स्ट्रटच्या जोराने आपोआप उसळत नाही आणि पहिला थोडा प्रवास हाताने उचलावं लागतं. ब्रॅकेटची जागा दोन-तीन सेंमी सरकवून जे साधतं ते दांडगा स्ट्रट आणून साधत नाही.

आणि दांडग्याचं काय होतं? 250 च्या जागी 400 बसवला की झाकण झटक्यात उघडतं, छान वाटतं. पण बंद अवस्थेत तोच जास्तीचा जोर रात्रंदिवस ब्रॅकेट, बिजागरी आणि कुलपावर असतो, शिवाय दाबलेल्या स्थितीत तो तीसेक टक्क्यांनी वाढलेला. काही महिन्यांत फायबरला ब्रॅकेटभोवती केसासारख्या चिरा पडतात, बॉनेटचा पत्रा कोपऱ्यात उचलला जातो, बंद करताना दोन्ही हातांनी लोंबकळावं लागतं. कॅनॉपीच्या काचेत तर स्ट्रटचा बॉल काचेतल्या छिद्रातून बोल्टने बसवलेला असतो. टफन काच एका बिंदूवरचा ताण फार सोसत नाही आणि फुटते तेव्हा सगळीच फुटते. काचेसाठी जास्तीच्या जोराचा स्ट्रट मी तरी कुणाला सुचवणार नाही.

छोट्या व्हॉल्व्हचे समायोज्य स्ट्रटही मिळतात. त्यातून थोडा थोडा वायू सोडून जोर कमी करता येतो. सोडलेला वायू घरी परत भरता येत नाही, तेव्हा अगदी किंचित सोडायचा, बसवून बघायचं, मग पुढचा. नेहमीच्या बंद स्ट्रटमध्ये घरी वायू भरायचा विचारही नको.

फाळक्याच्या डॅम्परला हे सगळं गणित लागू नाही. फाळका खालच्या दिशेने उघडतो, तिथे उचलायचं नसून पडणं मंद करायचं असतं. त्याच्या जागी बॉनेटचा स्ट्रट चालत नाही, त्या गाडीसाठी बनवलेलाच घ्यावा.

बदलताना

जोडीने बदला. एकच नवा बसवला की एका अंगाला जोर जास्त होतो आणि झाकण पिळलं जातं.

झाकण पूर्ण उघडून भक्कम टेकू द्या, शक्यतो लाकडाची पट्टी आणि सोबत एक माणूस. टेकू इतका उंच हवा की झाकण नेहमीपेक्षा किंचित वर राहील. तेवढ्याने स्ट्रट पूर्ण लांबतो आणि बॉलवरचा ताण जातो. हाताने हलवून बघा, स्ट्रट सैल डुगडुगला तर सोडवायला हरकत नाही. ताठ असेल तर क्लिपला हात लावू नका. दोन्ही बाजू एकदम सोडवायच्या नाहीत, एक बदलून झाली की दुसरी.

बॉलच्या सॉकेटला बाहेरून चपट्या पोलादी पट्टीची क्लिप असते. बारीक चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ती तीन-चार मिमी उचलली की सॉकेट ओढून निघतो. क्लिप पूर्ण उपटायची गरज नसते. उपटली की ती उडते आणि हौद्याच्या कुठल्या तरी फटीत जाऊन बसते. काही सॉकेटना तारेची पिन असते, ती बाजूला सरकवून काढायची.

उघडा पडलेला बॉल पुसून नीट बघा. त्यावर एका बाजूने चपटी झीज दिसली किंवा बॉल हाताने फिरला तर तोही बदला किंवा घट्ट करा. फायबरमध्ये मागे पोलादी पट्टी न देता कसलेला बॉल पुन्हा सैल होणारच. मग चिमूटभर ग्रीस, नवा स्ट्रट दांडा खाली धरून, तळहाताने दाबायचं, टक आवाज येईपर्यंत. आवाज आला तरी एकदा ओढून खात्री करा. नवा स्ट्रट बॉलपर्यंत पोचत नसेल तर झाकण हलवून जुळवा, दांड्याला पक्कड लावून फिरवू नका. पकडीचे दात एकदा उमटले की नवा स्ट्रट तिथेच जुना झाला.

पहिल्यांदा बंद करताना घाई नको. त्याआधी दांड्यावर नळीच्या तोंडाशी एक सैल रबर बँड सरकवून ठेवा. झाकण सावकाश बंद करून पुन्हा उघडा. नळीने रबर बँड खाली ढकललेला दिसेल. तो आणि दांड्याच्या टोकाचा सॉकेट यांच्यात जी जागा उरली, तेवढा स्ट्रोक शिल्लक आहे. पाच-दहा मिमी असेल तर ठीक. रबर बँड सॉकेटपर्यंत जाऊन चेपला असेल तर माप चुकलं आहे, पुढे वापरू नका. याच वेळी स्ट्रट कुठे कडेला घासतोय का तेही बघून घ्या आणि रबर बँड कापून काढा.

उरलेले जुने स्ट्रट निकामी दिसले तरी रिकामे नसतात. आत बराच दाब शिल्लक असतो. त्यांना भोक पाडायचं नाही, कापायचं नाही, जाळात टाकायचं नाही, जवळ वेल्डिंगही करायचं नाही. भंगारात देताना ‘यात दाबाचा वायू आहे’ हे घेणाऱ्याला तोंडाने सांगा, आणि नळीवर खडूने किंवा मार्करने लिहूनही द्या.